फरासीस, फ्रेंच, फ्राँसे : एका भाषेची नावं आणि ती शिकायच्या वाटा

निरगुडी (धागाकर्ती)

माझ्याकडे फ्रेंच शिकायला येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीचे आजोबा मागच्या महिन्यात तिला सोडायला आले होते. मूळचे गुहागरकडचे, वय ऐंशीच्या पुढे. जिन्यात दम खायला थांबले आणि म्हणाले, "बाई, नात फरासीस शिकते म्हणे तुमच्याकडे. जमेल ना हो तिला?" नात लगेच म्हणाली, "आजोबा, फरासीस नाही, फ्रेंच!"

मी चौदा वर्षं ही भाषा शिकवते आहे. 'फरासीस' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता, कुणाच्या तोंडून मात्र पहिल्यांदाच ऐकला. त्या दिवसापासून डोक्यात तेच चाललंय. आपल्याकडे या लोकांना आणि त्यांच्या बोलीला नाव होतं. ते गेलं आणि इंग्रजांनी वापरलेलं 'फ्रेंच' आलं. ते लोक स्वतः आपल्या भाषेला 'फ्राँसे' म्हणतात. म्हणजे नावापासूनच आपण इंग्रजीच्या खिडकीतून बघतो.

यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. पहिल्या तासाला मी फळ्यावर 'टेबल'चं स्पेलिंग लिहिते. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये ते अगदी एकच आहे. सगळी मुलं 'टेबल' वाचतात. फ्रेंचमध्ये तो उच्चार 'ताब्ल' आहे, आणि त्यातला 'त' म्हणजे आपल्या 'ताक'मधला 'त'. जीभ दातांना लागते आणि मागून हवेचा फुत्कार येत नाही. इंग्रज माणसाला हा 'त' महिनोन्महिने साधत नाही. मराठी मुलाकडे तो जन्मापासून असतो, तरी ते तो बाजूला ठेवून 'ट' उचलतं, कारण त्याला वाटतं परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीसारखी.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात, गावात, कामाच्या ठिकाणी या भाषेला काय म्हणतात किंवा म्हणायचे? आणि शिकली असाल तर कुठल्या वाटेनं शिकलात?

मोडीवाचक

धागा आवडला, पण एक दुरुस्ती. 'फरासीस'सुद्धा आपल्याकडे थेट आलेला नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात परदेशी व्यापाऱ्यांची नावं ओळीनं येतात : फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. सगळ्यांना मिळून शब्द 'टोपीकर'. वलंदेज म्हणजे डच, आणि तो शब्द पोर्तुगीजांच्या 'ओलांदेश'वरून आला. डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले, तोही पोर्तुगीज 'दिनामार्का'वरून. 'इंग्रज'सुद्धा पोर्तुगीजच. पोर्तुगीज आधी आले आणि मागून येणाऱ्या सगळ्यांची ओळख त्यांनीच करून दिली. फरासीसाच्या मागे पोर्तुगीज 'फ्रांसेश' असेल किंवा फारसी-अरबीतलं 'फ्रान्सीस' असेल. कसंही असलं तरी मधे कुणीतरी होतंच. खिडकी आधी पोर्तुगीजांची होती, मग इंग्रजांची झाली.

त्या यादीत आणखी एक गंमत आहे. 'फिरंगी' म्हणजे आपल्याकडे पोर्तुगीज. पण शब्दाचं मूळ 'फ्रँक', म्हणजे ज्या टोळीवरून फ्रान्सला नाव मिळालं तीच. क्रुसेडच्या काळात अरब पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांनाच 'इफ्रंज' म्हणू लागले, फारसीत त्याचं 'फरंग' झालं आणि आपल्याकडे 'फिरंग'. म्हणजे आज्ञापत्राच्या एकाच ओळीत एकाच मुळाचे दोन शब्द दोन वेगळ्या देशांसाठी शेजारी बसलेत. युरोपी पात्याची सरळ तलवार ती फिरंग. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात 'फिरंगरोग' येतो, तोही त्यातलाच.

थेट कानांनी घेतलेला शब्द हवा असेल तर तो 'मुसा'. निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी ब्युसी आपल्या कागदांत 'मुसा बुसी' होतो. हा मुसा म्हणजे मुसलमानी नाव नव्हे, तर 'मोसिए'. त्याचे शिपाई त्याला जे म्हणत ते आपल्या कारकुनानं ऐकलं आणि लिहिलं. हैदराबादचा रेमों हा सेनापती लोकांच्या तोंडी 'मुसा राम' झाला, मुसारामबाग आजही आहे. 'गारदी' (कवायती शिपाई) हाही शब्द बहुतेक याच घरचा. इब्राहीमखान गारदी आधी ब्युसीच्या कवायती फौजेत तयार झाला, मग पेशव्यांकडे आला आणि १७६१ ला पानिपतावर लढला.

महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभे करणारा द ब्वान्य शांबेरीचा. शांबेरी तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सव्हॉयच्या राजाकडे होतं. कायमचं फ्रान्समध्ये गेलं ते १८६० ला. पण बोली फ्रेंच, म्हणून तो आपल्या लेखी फरासीसच. माणसाचा मुलूख कुठला हे त्याच्या बोलीवरून ठरत होतं.

रानजाई

कुणाच्या लक्षात आलंय का, 'फरासीस' नसेल पण 'फ्रेंच' शब्दाचं अगदी मराठी झालेलं रूप आपण रोज मंडईत वापरतो?

फरसबी!

'फ्रेंच बीन'ची फरसबी झाली. आईला सांगितलं तर विश्वास बसेना. तिला वाटायचं घेवड्यासारखं हे आपलंच जुनं नाव. गाडीवर "फरसबी कशी दिली?" विचारणाऱ्या कुणालाही आपण एका देशाचं नाव घेतोय हे कळत नाही. शिवाय भाजी मूळची फ्रान्सचीही नाही, अमेरिका खंडातून युरोपात गेली.

सुतारांचं फ्रेंच पॉलिशही आहे. माझे काका लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजवून कापडाच्या बोळ्यानं ते करायचे.

निरगुडी

मोडीवाचक, दुरुस्ती मान्य. 'मुसा'साठी तर खास आभार, हे मला माहीत नव्हतं. मोसिए या शब्दाचं स्पेलिंग मुलांना इतकं छळतं (लिहायचं एक, म्हणायचं दुसरंच) की अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनानं ते न बघता नुसतं ऐकून 'मुसा' लिहिलं हे त्यांना सांगायलाच हवं.

रानजाई, उद्या फळ्यावर पहिला शब्द फरसबी.

तुलूजचा_पाहुणा

मी अकरा वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये तुलूजला आहे, विमानांच्या कामात. इथे आलो तेव्हा मेट्रोत प्रत्येक स्टेशनचं नाव दोनदा पुकारतात ते ऐकून गोंधळलो. दुसरी भाषा स्पॅनिश असेल असं वाटलं. ती ऑक्सितान. या भागाची मूळ भाषा. जुन्या गल्ल्यांच्या पाट्यांवरही दोन नावं असतात.

'फ्रेंच' हे नाव फ्रान्समध्ये कसं पसरलं ते इथे राहिल्यावर कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रँक हे जर्मन कुळातले. त्यांची भाषा वेगळी होती. ते गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखात आले, राज्य केलं, देशाला नाव दिलं आणि स्वतःची भाषा विसरून तिथल्या लोकांची लॅटिनवरून आलेली बोली बोलू लागले. मागे थोडे शब्द सोडले. युद्धाला 'गेर', निळ्याला 'ब्ल', हे त्यांचे. म्हणजे भाषेचं नाव एका घराण्याचं आणि हाडमांस दुसऱ्याचं. ग्रीक लोक आजही फ्रेंचला 'गालिका' म्हणतात, गॉलची भाषा. वायव्य फ्रान्समधल्या ब्रेताँ भाषेत 'गालेक'.

सुरुवातीला या बोलीला नावच नव्हतं. ८१३ मध्ये तूरला धर्मसभा भरली, तिथे ठरलं की प्रवचन लोकांना कळेल अशा 'गावंढळ रोमन बोली'त करावं. लॅटिन लोकांना समजेनाशी झाली होती याची ती सरळ कबुली. मग १४ फेब्रुवारी ८४२. फ्रँकांचा बादशहा शार्लमेन याचे दोन नातू, शार्ल आणि लुई, तिसऱ्या भावाविरुद्ध स्त्रासबुर्गला एकत्र आले आणि सैन्यासमोर शपथ घेतली. जर्मन बोलणाऱ्या लुईनं शपथ घेतली रोमान्स बोलीत आणि शार्लनं जर्मन बोलीत. प्रत्येकानं समोरच्याच्या शिपायांची भाषा उच्चारली, म्हणजे उद्या शब्द फिरवला तर त्या शिपायांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असेल. त्यांचाच आतेभाऊ निथार यानं ते शब्द जसेच्या तसे टिपून ठेवले : 'प्रो देओ आमुर…' देवाच्या प्रेमाखातर. फ्रेंचचा सगळ्यात जुना मजकूर म्हणून हाच दाखवतात, आणि त्यात भाषेचं नाव आहे 'रोमाना लिंग्वा'. फ्रेंच हा शब्द नाही.

हे 'रोमाना' अजून दोन ठिकाणी जिवंत आहे. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागाला 'स्विस रोमांद' म्हणतात. आणि लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत लिहिलेली गोष्ट ती 'रोमाँ', म्हणून कादंबरीला फ्रेंचमध्ये आजही 'रोमाँ'.

पुढे नाव पडलं ते होकारावरून. दक्षिणेत 'हो'ला 'ओक', उत्तरेत 'ओईल'. म्हणून लांग द'ओक आणि लांग द'ओईल. इटालियन कवी दान्तेनं अशीच वाटणी केली आहे, आणि इटालियनांचं 'सी' तिसरं. आजचं 'वी' म्हणजे झिजलेलं 'ओईल'. आपल्याकडे 'होय'ची मराठी आणि विदर्भाची 'हव'ची मराठी अशी नावं पडली असती तर कसं वाटलं असतं, तसं.

१५३९ मध्ये फ्राँस्वा पहिला या राजानं विलेर-कोत्रेच्या वाड्यातून हुकूम काढला की निवाडे आणि दस्तऐवज 'मातृभाषा फ्रेंच'मध्येच व्हावेत. रोख लॅटिनवर होता, पण हळूहळू मार ऑक्सितान, ब्रेताँ, बास्क यांच्यावर बसला. त्या वाड्यात २०२३ पासून फ्रेंच भाषेचं मोठं केंद्र आहे. मी मुलांना घेऊन गेलो होतो, नक्की बघा.

१७९४ ला आबे ग्रेगोआर या धर्मगुरूनं क्रांतीच्या संसदेपुढे अहवाल ठेवला : निदान साठ लाख फ्रेंच लोकांना राष्ट्रभाषा येत नाही आणि ती शुद्ध बोलणारे तीस लाखांच्या वर नाहीत. म्हणजे ज्याला आपण फ्रेंच म्हणतो ते फ्रान्समध्येच अल्पसंख्याकांचं होतं. बाकी सगळं 'पात्वा', गावठी. पुढच्या शतकात शाळेत ब्रेताँ किंवा ऑक्सितान बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा नाहीतर जोडा अडकवायचे. त्यानं तो दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून त्याच्या गळ्यात घालायचा. दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला शिक्षा.

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या आईच्या गळ्यात तो होता. बाईंना ऑक्सितान कळते, पण त्या बोलत नाहीत. "आईनं आम्हाला मुद्दाम शिकवली नाही," म्हणाल्या. त्यांची पणती आता ऑक्सितान माध्यमाच्या शाळेत जाते.

चाफा_आणि_शेवंती

तो गळ्यातला तुकडा वाचून थांबले. मी ज्या इंग्रजी शाळेत होते तिथे वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड होता आणि वर्गमॉनिटरकडे नावांची वही. मी मॉनिटर होते. मैत्रिणींची नावं मी लिहिलेली आहेत. ही गोष्ट तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

मॉन्ट्रियलमधली_माई

तुलूजचा_पाहुणा, फार चांगलं लिहिलंत. आमच्याकडे हीच भाषा उलट बाजूला उभी आहे. इथे दबलेली होती फ्रेंच.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९७७ चा कायदा १०१ आहे. त्यामुळे बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच सरकारी शाळेत जातात. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना गेला, चार महिन्यांत बोलायला लागला. मी त्याच्या डब्यातल्या बाईंच्या चिठ्ठ्या वाचत शिकले. नंतर सरकारी 'फ्राँसिझासियों'च्या वर्गाला गेले. नवीन आलेल्यांना फ्रेंच शिकवण्याला इथे हेच म्हणतात.

पण पुण्यात दोन वर्षं शिकून आलेली फ्रेंच इथे पहिल्याच आठवड्यात अपुरी पडली. शेजारणीनं 'दिने'ला बोलावलं. मी पुस्तकात शिकले होते की दिने म्हणजे रात्रीचं जेवण. संध्याकाळी सात वाजता गुलाबजाम घेऊन दारात उभी. ती दुपारी बारापासून वाट बघत होती. इथे सकाळचं 'देझने', दुपारचं 'दिने', रात्रीचं 'सुपे'. फ्रान्समध्ये सगळं एक घर पुढे सरकलंय : सकाळी 'प्ती देझने', दुपारी 'देझने', रात्री 'दिने'. जुनी पद्धत इथली आहे, पॅरिसनं बदलली. तिनं सूप गरम करून वाढलं आणि आमची मैत्री झाली ती अजून आहे.

चौकातल्या लाल पाटीवर फ्रान्समध्ये 'स्टॉप' लिहितात. इथे 'आरे', म्हणजे थांबा. फ्रान्समध्ये 'वीकेंड', इथे 'फाँ द स्मेन'. गाडीला इथले लोक 'शार' म्हणतात. कामगार वस्तीतल्या बोलीला 'झ्वाल' म्हणायचे, 'शव्हाल' म्हणजे घोडा या शब्दाच्या तिथल्या उच्चारावरून. आधी ती शिवी होती, मग लेखकांनी तीच बोली नाटकांत आणली.

नवखा_ठाणे

माई, तुम्हाला एक कामाचं विचारतो. मी डेल्फ बी-२ या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करतोय, कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी. एवढ्यानं भागेल का?

मॉन्ट्रियलमधली_माई

नाही, आत्ताच थांब. एक्सप्रेस एंट्री या केंद्र सरकारच्या योजनेला डेल्फ धरत नाहीत. टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा निकाल दोनच वर्षं चालतो. डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभराचं असतं, शिक्षणासाठी आणि फ्रान्सला उपयोगी पडतं. फ्रेंच येणाऱ्यांसाठी २०२३ पासून निवडीच्या वेगळ्या फेऱ्या निघतात, त्यासाठी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींत एनसीएलसी ७ (कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची सातवी पायरी) लागतं. आपली मुलं लिहिण्यात पास होतात आणि ऐकण्यात अडकतात. रोज अर्धा तास रेडिओ ऐक, कळो न कळो.

वाक्वाची_लेक

नमस्कार. मी मॉरिशसहून लिहिते. माझी मराठी थोडी पुस्तकी वाटेल, कारण ती मी शाळेत आणि मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेत शिकले. माझे पूर्वज रत्नागिरीकडून मजूर म्हणून आले.

आमच्या बेटाचं नाव एके काळी 'ईल द फ्राँस' होतं. १७१५ पासून फ्रेंचांकडे, १८१० ला इंग्रजांनी जिंकलं. पण तहात इथल्या लोकांचे कायदे आणि चालीरीती राहतील असं कबूल केलं, म्हणून राज्य इंग्रजांचं आणि तोंडातली भाषा फ्रेंच-क्रेओल. आमचे लोक १८३४ नंतर आले, इंग्रजांच्या अमलात. तरी उसाच्या शेतात कानावर पडली ती क्रेओल. आज माझ्या घरी क्रेओल, वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी आणि गणपतीची आरती मराठी. गणेश चतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते.

क्रेओलमध्ये घर म्हणजे 'लाकाझ', तांदूळ 'दिरी', पाऊस 'लापली', पक्षी 'झ्वाझो'. फ्रेंच येणाऱ्यांनी नीट बघा : 'ला काझ', 'द्यू री', 'ला प्ल्वी', 'लेझ्वाझो'. नामाच्या आधीचं उपपद ('ला', 'द्यू', 'ले') नामालाच चिकटून गेलंय. 'लाकाझ'मध्ये 'ला' वेगळा आहे हे आम्हाला फ्रेंच शिकेपर्यंत कळत नाही. ज्यांनी ही भाषा घडवली त्या गुलाम माणसांना कुणी व्याकरण शिकवलं नव्हतं. त्यांनी जे कानाला जसं लागलं तसं उचललं आणि त्याचं स्वतःचं व्याकरण बांधलं. 'मो पे आल लाकाझ', मी घरी चाललेय. यात क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही, काळ दाखवायला 'पे' पुरतो.

आजी म्हणायची, क्रेओल म्हणजे मोडकं फ्रेंच, पाहुण्यांसमोर बोलू नका. २०१२ पासून प्राथमिक शाळेत क्रेओल हा विषय झाला. तो दिवस बघायला आजी नव्हती. माझी विनंती आहे की तिला फ्रेंचचं नाव म्हणून मोजू नका. ती वेगळी भाषा आहे.

वेंगुर्ल्याचो_काजू

मी शिकलेला माणूस नाय, बारावीनंतर काजूच्या कारखान्यात. कोकणातला आणि चंदगडकडचा स्वतःचा काजू कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून कच्ची बी पश्चिम आफ्रिकेतून येते. आयव्हरी कोस्ट, आणि २०२४ पर्यंत बेनिनही. दोन्हीकडे भाषा फ्रेंच. २०१४ पासून दर हंगामात दोन-तीन महिने मी तिथे माल बघायला जातो.

पहिल्या वर्षी दुभाषा घेतला. आयव्हरी कोस्टमधल्या बुआकेच्या गोदामात मी बी कापून बघतोय, दुभाषा नि व्यापारी तासभर बोलतायत आणि मला एका वाक्यात सांगतो, "माल चांगला आहे." कापलेल्या बियांत काळ्या डागाच्या किती हे माझ्या हातात दिसत होतं. त्या रात्री ठरवलं, दुभाष्या नको.

पहिला शब्द शिकायलाच लागला नाही. काजूला फ्रेंचमध्ये 'काझू'! पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून उचलला, आपल्याकडे काजू, त्यांच्याकडे काझू. तिथले व्यापारी मात्र धंद्यात 'आनाकार्द' म्हणतात. माल ओला असेल तर 'युमिद', पोती 'साक', कोरडी 'सेश'. पन्नास शब्दांवर पहिला हंगाम काढला.

आणि तिथे माणूस भेटला की 'कोमां ताले वू' कोण म्हणत नाही. म्हणतात, "ओं दी क्वा?" शब्दशः : आपण काय म्हणतो? मी ऐकून उडालोच. आपण तरी काय विचारतो? "काय म्हणताय?" पुस्तकातली फ्रेंच मला परकी वाटली होती, ही घरची वाटली.

सरळरेषा

मी तांत्रिक मजकुराचं भाषांतर करतो, फ्रेंचमधून इंग्रजीत आणि मराठीत. धागाकर्तीशी थोडा मतभेद. इंग्रजीची खिडकी बंद करू नका. १०६६ ला नॉर्मन इंग्लंडात गेले आणि कोर्ट, कर, जेवण, फौज सगळीकडचे शब्द इंग्रजीत ओतले. इंग्रजी येणारा मराठी माणूस फ्रेंच वर्तमानपत्र हातात घेतो तेव्हा निम्मे मोठे शब्द त्याला ओळखीचे दिसतात. ही मिळकत सोडायची कशाला?

फसवे शब्द आहेत, कबूल. 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान, वाचनालय नव्हे. 'लोकासियों' म्हणजे भाड्यानं देणं. 'साँसिब्ल' म्हणजे हळवा. माझ्या पहिल्या कामात मी एका यंत्राच्या पुस्तिकेत 'आक्त्युएलमाँ'चं 'प्रत्यक्षात' केलं. तो होता 'सध्या'. छापून गेल्यावर लक्षात आलं. पण असे शेदोनशे शब्द पाठ करून ठेवता येतात.

निरगुडी

सरळरेषा, डोळ्यांसाठी तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. वाचताना इंग्रजीचा हात धरावाच. माझं म्हणणं जिभेपुरतं आणि कानापुरतं आहे, तेवढं स्पष्ट करते, कारण वर्गात वेळ तिथेच जातो.

'प', 'त', 'क', 'द' आपल्याकडे तयार आहेत, ते वर लिहिलंच. 'त्यू' (तू) आणि 'तू' (सगळं) यांतला पहिला स्वर आपल्याकडे नाही. ओठ 'ऊ'चे करायचे आणि आत जीभ 'ई'ची ठेवायची. आरशासमोर 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता फक्त ओठ गोल करा, तो आपोआप निघतो. 'र' घशातला, गुळणी करतो तिथला. त्याला पंधरा दिवस द्या, आला नाही तरी अडत नाही.

तू आणि तुम्ही यांत फरक करायला आपल्याला शिकवावं लागत नाही, इंग्रजीतून येणाऱ्याला लागतं. आणि वेंगुर्ल्याच्या भाऊंनी जो 'ओं' ऐकला तो तर मी कितीतरी वर्षं इंग्रजी व्याकरणातून समजावत होते आणि मुलांना कळत नव्हता. इंग्रजीत 'वन' म्हटलं की काहीच हाती लागत नाही. ज्या दिवशी मी म्हटलं की 'ओं' म्हणजे आपलं 'आपण', त्या दिवशी पाच मिनिटांत संपलं. "ओं मांझ", आपण जेवू या. "आपण असं करत नाही" म्हणताना जो आपण, तोही 'ओं'च.

आकडे. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-विसा, नव्व्याण्णव म्हणजे चार-विसा-दहा-नऊ. मुलं कपाळाला हात लावतात. मग मी कोडी आठवून देते, वीस नगांची एक कोडी. फ्रान्समध्येही विसाच्या राशीनं मोजायची जुनी चाल होती. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवव्या लुईनं तीनशे आंधळ्यांसाठी बांधलेल्या इस्पितळाचं नाव आजही 'काँझ-व्हाँ' आहे, पंधरा-विसा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सरळ 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणतात. परीक्षेत कुठलंही लिहिलं तरी कळतं, पण ऐकताना चार-विसाच कानावर येणार आहेत.

खरी अडचण नाकातल्या स्वरांची. 'बों' म्हणजे चांगला. मराठी मूल 'बॉन' म्हणतं, शेवटी 'न' वाजवतं. कारण आपण अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे ङ, न, म असा वाजवायला शिकलो. स्वर नाकातून सोडून द्यायचा आणि जीभ कुठेच लावायची नाही, हे आता आपल्या तोंडात उरलं नाही. पूर्वी 'कां', 'नाहीं', 'करूं' असं लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न वाजणारे अनुस्वार काढले. पण कोकणात ते वाजत होते.

मोडीवाचक

अगदी. आमच्या आजीच्या तोंडी वाजायचे. आम्ही तिच्या नाकातल्या बोलण्याला हसायचो.

वाक्वाची_लेक

आमच्याकडे जुन्या बायका मराठी म्हणी म्हणतात त्यातही हा नाकातला स्वर आहे. मला वाटायचं तो क्रेओलमधून आला. आता शंका येतेय.

निरगुडी

आज लिहायलाच आले, कारण दुपारी एक गोष्ट झाली.

तीच मुलगी 'काँ' या शब्दावर आठवडाभर अडली होती. फ्रेंचमध्ये 'काँ' म्हणजे 'केव्हा'. ती कधी 'कान' म्हणायची, कधी 'कॉन'. मी ओठ दाखवले, आरसा दिला, नाकावर बोट ठेवून स्वर थरथरतो का ते बघायला सांगितलं. नाही जमलं. शेवटी वही मिटून म्हणाली, "बाई, आज लवकर जाऊ?"

आजोबा तिला न्यायला आले होते, दाराशी बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "कां? बरं नाही वाटत?"

तो 'कां' अख्खा नाकातून आला. 'न' नाही, 'म' नाही, जीभ कुठे लागली नाही. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिनं आजोबांना म्हटलं, "परत म्हणा ना." त्यांना कळेना काय म्हणायचं. मग चार वेळा म्हणाले. ती त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसली, तोंडाकडे बघत म्हणत राहिली, आणि सहाव्या-सातव्या वेळेला तिचाही 'काँ' निघाला.

मी त्यांना सांगितलं की तुमचा 'कां' म्हणजे फरासीसांचा 'केव्हा'. ते म्हणाले, "असं होय? मग उद्या लवकर येतो."